ल फाँड्रेने इतके क्लब का बदलले?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सतरा वर्षांचा, स्ट्रायकर म्हणून, म्हणजे गोल करण्यासाठी सगळ्यात पुढे, खेळतो आणि इंग्लंडचा स्ट्रायकर ॲडम ल फाँड्रे याचे जुने गोल मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतो. वडिलांनी या खेळाडूची माहिती काढली, तर क्लबांची मोठी यादीच निघाली: स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग, कार्डिफ, बोल्टन, वुल्व्ज, विगन, पुन्हा बोल्टन, सिडनी, मुंबई सिटी. हा माणूस कुठेच टिकला नाही, मग याला चांगला खेळाडू कसं म्हणायचं आणि मुलाने याच्याकडून काय घ्यायचं, असं ते विचारतात.

मी बरीच वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतो आणि मोठ्या झालेल्या काही मुलांच्या कराराच्या बोलणीतही बसलो आहे. त्यामुळे हे उत्तर थोडं लांबेल. ल फाँड्रे चांगला खेळाडू होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याची यादी वाचताना प्रत्येक नावापाशी थांबून त्या वेळी त्या क्लबात काय चाललं होतं हे बघितलं, तर बहुतेक बदलांचं कारण त्याच्या खेळात सापडतच नाही. कुठे मालकाचे पैसे आटले होते, कुठे प्रशिक्षक गेला होता, कुठे दुसरा स्ट्रायकर विकला गेल्याने जागा रिकामी झाली होती.

आधी इंग्लंडची रचना समजून घ्यावी लागेल. प्रीमियर लीगचे २० क्लब आपल्याला तोंडपाठ असतात. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लबांच्या. म्हणजे चार पायऱ्यांवर ९२ व्यावसायिक क्लब, आणि त्यांच्याही खाली नॅशनल लीग व प्रादेशिक लीगा. या ९२ क्लबांतले, विशेषतः खालच्या पायऱ्यांवरचे, अनेक खेळाडू एक किंवा दोन वर्षांच्या करारावर असतात. करार साधारणपणे ३० जूनला संपतात. हंगाम संपला की मे-जूनमध्ये प्रत्येक क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी जाहीर करतो. घराचं भाडं, मुलांची शाळा, बायकोची नोकरी हे सगळं त्या यादीवर अवलंबून असतं. क्लब खालच्या लीगमध्ये घसरला तर पगार आपोआप कमी होईल असं कलमही अनेक करारांत असतं.

पूर्वी तर याहून वाईट होतं. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार देता येत नसे. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे अडकवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉस्मन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूला युरोपात मोकळेपणाने क्लब बदलता येऊ लागला. आज एखाद्या खेळाडूच्या नावापुढे दहा-बारा क्लब दिसतात, त्यामागे हा हक्कही आहे. क्लब खेळाडूला सोडतो तसाच खेळाडूही क्लबला सोडू शकतो.

आता ल फाँड्रेकडे येऊ. जन्म डिसेंबर १९८६, गाव स्टॉकपोर्ट, मँचेस्टरच्या दक्षिणेला. गावच्याच स्टॉकपोर्ट काउंटीत तो वाढला. तिथे पहिल्या संघात कायमची जागा मिळेना, म्हणून २००७ मध्ये तो रॉचडेलला गेला. रॉचडेल हा १९७४ पासून सलग शेवटच्या व्यावसायिक लीगमध्येच अडकलेला क्लब. इंग्लंडमध्ये त्या लीगलाच लोक चेष्टेने 'रॉचडेल डिव्हिजन' म्हणत. तिथे त्याने भरपूर गोल केले. २००८ च्या मे महिन्यात रॉचडेल आपल्या इतिहासात पहिल्यांदा वेम्बलीवर खेळलं. सामना होता लीग टूच्या प्लेऑफचा, म्हणजे वरच्या लीगमध्ये बढतीची शेवटची जागा ठरवणाऱ्या बाद फेरीचा, अंतिम, आणि समोर नेमकं स्टॉकपोर्ट. रॉचडेल ३-२ ने हरलं आणि बढती मिळाली त्याच्या गावच्या क्लबला.

पुढच्या वर्षी तो रॉदरहॅमला गेला. रॉदरहॅमचं तेव्हा स्वतःचं मैदानसुद्धा चालू नव्हतं. जुन्या मिलमूर मैदानाच्या मालकाशी वाद झाल्याने हा क्लब शेफिल्डच्या डॉन व्हॅली स्टेडियमवर खेळत होता. ते ॲथलेटिक्सचं मैदान, प्रेक्षक आणि खेळपट्टी यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक. अशा ठिकाणी स्ट्रायकरला प्रेक्षकांचा आधार फारसा मिळत नाही, आवाज पोचतच नाही. तरी ल फाँड्रे गोल करत राहिला. २०१० मध्ये रॉदरहॅम प्लेऑफच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि डॅगनहॅम अँड रेडब्रिजकडून हरलं, तेही ३-२ नेच. त्याच मोसमात रॉचडेलने ३६ वर्षांनी बढती मिळवली, म्हणजे तो गेल्यानंतर लगेच. योग्य वेळी योग्य क्लबात असणं हा नशिबाचा भाग या धंद्यात फार मोठा आहे, आणि अशा दोन उन्हाळ्यांनंतर अनेक मुलं मनाने खचतात. मी खचलेली मुलं बघितली आहेत. त्यांचा खेळ तसाच असतो, पण ती चेंडू मागायचं थांबवतात. ल फाँड्रेने पुढच्या मोसमात रॉदरहॅमसाठी पुन्हा तितक्याच भुकेने गोल केले, आणि माझ्या मते त्याच्या स्वभावाची सगळ्यात मोठी परीक्षा तिथेच झाली.

ऑगस्ट २०११ मध्ये रेडिंगने त्याला घेतलं. रेडिंग नुकतंच चॅम्पियनशिपच्या प्लेऑफच्या अंतिम सामन्यात स्वान्सीकडून हरलं होतं, आणि त्यांचा मुख्य स्ट्रायकर शेन लाँग वेस्ट ब्रॉमला विकला गेला होता. प्रशिक्षक ब्रायन मॅकडरमॉट यांना स्वस्तात गोल हवे होते. सुमारे साडेतीन लाख पौंडांना व्यवहार झाला असं तेव्हा छापून आलं. लाँगच्या विक्रीतून आलेल्या पैशांपुढे ही रक्कम किरकोळ होती. लाँग गेला नसता तर ल फाँड्रे लीग टूमध्येच राहिला असता की काय, हे कोणी सांगू शकत नाही. तो मात्र त्या जागेसाठी तयार होता. पहिल्याच हंगामात रेडिंगने चॅम्पियनशिप जिंकली आणि वयाच्या पंचविशीत तो प्रीमियर लीगमध्ये पोचला.

रेडिंगमधलं त्याचं काम तुमच्या मुलाने नीट बघावं, म्हणून इथे जरा थांबतो. प्रीमियर लीगमध्ये गेल्यावर क्लबने मोठ्या पगारावर रशियाचा पावेल पोग्रेबन्याक आणला. ल फाँड्रे बाकावर गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये एव्हर्टनविरुद्ध रेडिंगला मोसमातला पहिला विजय मिळाला, त्यात दोन्ही गोल त्याचे. तरीही तो अनेकदा बाकावरच. मग आला जानेवारी २०१३. वेस्ट ब्रॉमविरुद्ध रेडिंग ०-२ मागे होतं आणि ३-२ ने जिंकलं, त्यात त्याने पेनल्टी मारली. आठवड्याने न्यूकॅसलला मैदानात उतरून काही मिनिटांत दोन गोल, सामना २-१. महिनाअखेरीस चेल्सी रेडिंगमध्ये २-० ने पुढे होती. त्याने ८७व्या मिनिटाला एक आणि भरपाई वेळेत दुसरा गोल करून सामना २-२ बरोबरीत सोडवला. प्रीमियर लीगचा त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ल फाँड्रेची निवड झाली, प्रशिक्षकांचा पुरस्कार मॅकडरमॉटना मिळाला. बहुतेक वेळ बदली खेळाडू म्हणून उतरणाऱ्या माणसाने हा पुरस्कार घ्यावा, असं क्वचितच घडतं. त्या मोसमात त्याचे लीगमध्ये बारा गोल झाले. संघ मात्र १९व्या स्थानावर राहिला आणि खाली गेला. मॅकडरमॉट तर मार्चमध्येच काढले गेले होते, पुरस्कारानंतर काही आठवड्यांत.

बदली खेळाडू म्हणून गोल करणं हे वेगळं कौशल्य आहे आणि आपल्याकडे ते कोणी शिकवत नाही. आपली मुलं बाकावर बसली की पाण्याच्या बाटलीशी खेळतात किंवा मान खाली घालून बसतात. चांगला बदली स्ट्रायकर पहिल्या मिनिटापासून समोरच्या दोन सेंटरबॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूंकडे, बघत असतो. कोण आधी दमतोय, कोण वळताना डाव्या खांद्यावरूनच वळतो, फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, पुढे गेला की त्याच्यामागची जागा भरायला कोण येतं, गोलकीपर क्रॉसला, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेल्या चेंडूला, बाहेर येतो की रेषेवर थांबतो. सत्तर मिनिटं धावलेल्या बचावपटूचे पाय जड झालेले असतात, त्याचं लक्ष चेंडूवर जातं आणि माणसावरून सुटतं. त्या वेळी ताज्या पायांनी उतरलेल्या स्ट्रायकरला फार काही करायचं नसतं. बचावपटूच्या नजरेआड उभं राहायचं आणि क्रॉस सुटण्याआधी अर्धा सेकंद जवळच्या खांबाकडे निघायचं. ल फाँड्रेचे गोल या नजरेने बघितले, तर त्यांतले बरेचसे एका किंवा दोन स्पर्शांत झालेले दिसतील. तो उंच नव्हता आणि वेगानेही विशेष नव्हता. चेंडू येण्याआधी तो जागा ठरवून ठेवत असे. शिवाय पेनल्टीवर शांत. अशा खेळाडूला नवा संघ समजायला महिने लागत नाहीत, कारण त्याचं काम गोलसमोरच्या बॉक्समध्ये आहे आणि बॉक्स सगळीकडे सारखाच असतो. लीग टूमध्ये जे चाललं तेच प्रीमियर लीगमध्ये चाललं आणि तेच पुढे सिडनी व मुंबई सिटीत चाललं.

पुढची वर्षं यादीत सगळ्यात विस्कळीत दिसतात, आणि ती क्लबांच्या कारभारामुळे तशी झाली. चॅम्पियनशिपमध्ये परतल्यावर ल फाँड्रेने रेडिंगसाठी लीगमध्ये पंधरा गोल केले. असा स्ट्रायकर कोणी का विकेल? कारण रेडिंगच्या नव्या मालकाकडून, रशियाच्या अँटोन झिंगारेविचकडून, येणारा पैसा थांबला होता आणि क्लबवर खेळाडू घेण्याची बंदी आली होती. २०१४ च्या उन्हाळ्यात विकण्याजोगा जो होता तो विकावा लागला. ल फाँड्रे कार्डिफला गेला. त्याला घेणारे प्रशिक्षक ओले गुनार सोल्शायर सप्टेंबरमध्येच गेले. नवे प्रशिक्षक रसेल स्लेड आले, त्यांची आवड वेगळी. जानेवारीत तो लोनवर बोल्टनला गेला आणि तिथे आठ गोल केले. पुढचं वर्ष लोनवर वुल्व्जमध्ये गेलं, ते फिकं गेलं. मग विगन, पुन्हा लोनवर. विगनने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रशिक्षक गॅरी कॉल्डवेल यांना काढलं आणि जानेवारीत ल फाँड्रे पुन्हा बोल्टनमध्ये.

लोन म्हणजे काय हेही सांगतो, कारण आपल्याकडे त्याला हिणकस समजतात. मूळ क्लबचा करार चालूच राहतो, पगाराचा काही भाग नवा क्लब उचलतो आणि खेळाडू ठरावीक काळ तिथे खेळतो. मूळ क्लबला नको असलेला पगार हलका होतो, नव्या क्लबला विकत न घेता स्ट्रायकर मिळतो. खेळाडूला सामने मिळतात, पण सामानाच्या पेट्या बांधाव्या लागतात, आणि आपण सहा महिन्यांनी इथे नसू हे ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांना माहीत असतं. बोल्टनने त्याला पुन्हा बोलावलं, ही त्याच्या खेळाला आणि वागण्याला मिळालेली पावतीच आहे. जो क्लब एकदा लोनवर आलेल्याला दुसऱ्यांदा बोलावतो, त्याने त्याला सरावातही पारखलेलं असतं.

२०१७ मध्ये बोल्टन लीग वनमधून वर आलं. पुढच्या वर्षी, ६ मे २०१८ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी खाली जाणं टाळण्यासाठी बोल्टनला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध जिंकणं भाग होतं. पहिला गोल ल फाँड्रेचा. मग संघ १-२ ने मागे पडला आणि शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून ३-२ ने जिंकला. बोल्टन चॅम्पियनशिपमध्ये राहिलं. पण क्लबची तिजोरी रिकामी होती. त्याच उन्हाळ्यात थकलेल्या पैशांमुळे खेळाडूंनी एक सरावसामना खेळायला नकार दिला, आणि वर्षभरात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. ल फाँड्रे ऑगस्टमध्ये सिडनीला निघून गेला होता. त्याला 'टिकला नाही' असं म्हणणाऱ्याने बोल्टनच टिकलं का, हे आधी बघावं.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी एफसीमध्ये पुन्हा तीच गोष्ट. तिथला ब्राझिलियन स्ट्रायकर बोबो आदल्या मोसमात २७ गोल करून तुर्कस्तानला गेला होता. रिकामी जागा मोठी होती. ल फाँड्रे ३१ वर्षांचा. पहिल्या मोसमात लीगमध्ये सोळा गोल, दुसऱ्यात वीस. दोन्ही वर्षं सिडनीने ग्रँड फायनल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, जिंकली, २०१९ मध्ये पर्थ ग्लोरीविरुद्ध पेनल्टींवर आणि २०२० मध्ये मेलबर्न सिटीविरुद्ध अतिरिक्त वेळेत. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात सलग आणि स्थिर वर्षं तिशीनंतर आली, मायदेशापासून इतक्या दूर आली. घर आणि क्लब दोन्ही स्थिर असले की हाच खेळाडू कसा दिसतो, हे तिथे कळलं.

मग २०२०-२१ साठी सिडनीने त्याला लोनवर मुंबई सिटीकडे पाठवलं. मुंबई सिटीची मालकी वर्षभरापूर्वी सिटी फुटबॉल ग्रुपकडे, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाकडे, आली होती, प्रशिक्षक सर्जियो लोबेरा एफसी गोवाकडून आले होते, सोबत फॉल, जाहू, बुमू आणि आपला गोव्याचा मंदार राव देसाई. कोविडमुळे सगळी इंडियन सुपर लीग गोव्यात, प्रेक्षकांविना, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा तीन मैदानांवर झाली. मुंबईत त्या मोसमात एकही सामना झाला नाही. मुंबईला पहिलं विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू मुंबईकरांनी अंधेरीच्या मैदानात त्या वर्षी पाहिलाच नाही. माझ्यासारख्या माणसाला ती हळहळ अजून वाटते.

मुंबईने पहिला सामना गमावला. दुसऱ्यात एफसी गोवाविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली आणि ती ल फाँड्रेने मारली, १-०. पुढे त्याचे लीगमध्ये अकरा गोल झाले. पण आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट संघरचनेची. त्या वर्षी क्लबला सात परदेशी खेळाडू घेता येत होते आणि मैदानात एका वेळी पाचच. फॉल बचावात, जाहू आणि सांताना मधल्या फळीत, बुमू त्यांच्यापुढे, हे चौघं बहुतेक ठरलेले. उरलेल्या जागेसाठी ल फाँड्रे आणि बार्थोलोम्यू ओगबेचे, दोघंही नावाजलेले स्ट्रायकर. ओगबेचेने आठ गोल केले. दोघांपैकी एकाने तोंड फुगवलं असतं तरी संघ मोडला असता. ल फाँड्रेला मात्र बाकावरून खेळात कसं शिरायचं हे रेडिंगपासून माहीत होतं. मुंबईने २८ फेब्रुवारीला एटीके मोहन बागानला २-० ने हरवून साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीगची शील्ड घेतली, आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात त्यांनाच २-१ ने हरवलं. विजयी गोल ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगचा.

नंतर तो सिडनीला परतला, आणि अगदी शेवटी इंग्लंडमध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरकडून खेळला. हा मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतल्याच्या निषेधार्थ २००५ मध्ये काढलेला क्लब, नॉर्दर्न प्रीमियर लीगमधला, म्हणजे सातव्या पायरीवरचा. प्रीमियर लीगचा पुरस्कार घरात असलेला माणूस तिथे चिखलात खेळायला गेला, याचा मला फार आदर वाटतो.

सगळेच फिरते खेळाडू असे नसतात. जेफरसन लुईसने चाळीसहून जास्त क्लबांतून खेळून संसार चालवला, त्यातले बहुतेक अर्धव्यावसायिक. गोलकीपर जॉन बरिज तर डझनावारी क्लबांतून फिरला आणि १९९५ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ४३ व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरला. गोलकीपर जखमी झाला की क्लबला दुसऱ्या दिवशी माणूस लागतो, आणि बरिजची बॅग भरलेलीच असे. प्रत्येकाचं फिरण्याचं कारण निराळं.

आता तुमच्या मुलाबद्दल. सतराव्या वर्षी करार समोर आला, तर क्लबच्या नावाआधी दोन गोष्टी विचारा: त्या संघात त्याच्या जागेवर आधीच किती जण आहेत, आणि त्याला घेऊ इच्छिणाऱ्या प्रशिक्षकाचा स्वतःचा करार कधी संपतो. कार्डिफमध्ये ल फाँड्रेची गाडी अडली ती दुसऱ्या प्रश्नावर. पगार थकल्यास करार मोडता येईल का, दुखापतीत उपचाराचा खर्च कोण करेल आणि लोनवर पाठवताना मुलाची संमती लागेल का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस पुढच्या मोसमात तिथे नसतो. दर वर्षी नवा क्लब शोधावा म्हणून दबाव आणणाऱ्या एजंटापासून दूर राहा. क्लब बदलण्याचं कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

सरावासाठी एवढंच सांगतो. त्याला ल फाँड्रेचे गोल बघू द्या, पण व्हिडिओ चेंडू जाळ्यात जाण्यापूर्वी दहा सेकंद मागे न्यायला सांगा आणि चेंडू कोणाकडे आहे हे विसरून फक्त ल फाँड्रेकडे बघायला सांगा. तो कुठे उभा आहे, बचावपटूच्या कुठल्या बाजूला, कधी थांबतो, कधी निघतो. मग मैदानावर दोन्ही बाजूंनी क्रॉस टाकायला मित्रांना उभं करा आणि एका स्पर्शात मारायचा सराव घ्या, डाव्या पायानेही. शेवटची पंधरा मिनिटं पेनल्टीसाठी ठेवा, दमलेल्या पायांनी.

आणि पुढच्या सामन्यात प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलं, तर घरी आल्यावर किती मिनिटं खेळलास हे विचारू नका. समोरच्या संघाचा कुठला सेंटरबॅक आधी दमला, ते विचारा.